ऑफिसचा विद्यार्थी पास

ऑफिस विकत मिळतं, ते खोक्यात येतं आणि पिशवीत टाकून रिक्षानं घरी आणता येतं, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला आधी सावलीत बसवलं असतं, मग पाणी पाजलं असतं. जळगावचं ऊन तसं आहेच. पण ते खोकं मी स्वतः आणलं. साक्षीला माझी बायको यशोदाबाई आहे, आणि ती माझ्या बाजूनं सहसा साक्ष देत नाही.

मी सुकदेव. एसटीत ड्रायव्हर होतो, आता रिटायर. सगळी नोकरी जळगाव-धुळे रस्त्यावर गेली. शिक्षण चौथी. पाचवीत गेलो होतो, पण शाळेनं मला फार दिवस ठेवलं नाही. पारोळ्याजवळचं आमचं गाव, घरात बोली अहिराणी. आता राहतो पिंप्राळ्याला. मुलगा भूपेंद्र दीपनगरला पॉवर हाऊसमध्ये, शिफ्टची ड्युटी. सून सारिका धुळ्याची, देवपूरची. एवढी ओळख पुरे, पुढं गाडी सोडतो.

सारिका लग्नाआधी धुळ्याला एका सीएकडे कामाला होती. लग्न झालं, ती इकडं आली, काम तिकडंच राहिलं. मग नाशिकच्या एका ठिबकच्या कंपनीनं तिला घरबसल्या काम दिलं. कुठल्या दुकानात किती पाइप गेले, किती परत आले, त्याचे तक्ते करायचे. महिनाभर बघू म्हणाले, पसंत पडलं तर कायम. पोरगी गॅसच्या ओट्याशेजारी टेबल लावून बसायची. एका बाजूला कुकरची शिट्टी, दुसऱ्या बाजूला यशोदाबाईचं पापडाचं पीठ, मधे लॅपटॉप. पण अशी बडबडायची म्हणता, की रेडिओ लावायची गरज नव्हती.

गुरुवारी ती बडबड बंद पडली.

मी उभी हयात इंजिन ऐकलेला माणूस. आवाज बदलला की मला कळतं. मी खिडकीखाली कुंडीतली माती उकरायचं निमित्त करून बसलो. ती आईशी फोनवर बोलत होती. "ऑफिस बंद पडलं गं आई. सोमवारी तक्ता द्यायचाय आणि आता नुसतं वाचता येतंय, काही लिहिताच येत नाही. नवीन घ्यावं लागेल. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले पहिला पगार आल्यावर बघू, घरातल्या घरात तर करतेस."

मी आत गेलो. "सारिका, नाशिकचं ऑफिस बंद पडलं का? संप आहे का?"

ती हसली, पण ते हसू अर्ध्यात थांबलं. मग तिनं लॅपटॉप फिरवून दाखवला. वर एक लाल पट्टी आली होती. तिनं समजावलं ते असं: ज्याच्यात तक्ते करतात त्या सॉफ्टवेअरचंच नाव ऑफिस. लॅपटॉपबरोबर ते थोड्या दिवसांसाठी फुकट आलं होतं, ते दिवस संपले. फुकटचं दुसरं एक असतं, तेही तिनं लावून पाहिलं, पण त्यात नाशिकवाल्यांच्या तक्त्याची सगळी बेरीज विस्कटते.

"सोमवारी दिला नाही तर?"

"तर दुसरी कोणी देईल, आबा," ती म्हणाली. "राहू द्या. होईल काहीतरी."

राहू द्या म्हणणाऱ्या बाईचं काही राहू देऊ नये, एवढं मी संसारात शिकलोय. ठरवलं, सोमवारच्या आत ऑफिस घ्यायचं आणि तिला एकदम हातात द्यायचं.

इथं माझी पहिली चूक झाली. मी ते चौकात बोललो.

आमच्या कॉलनीच्या मारुतीपाशी पार आहे. तिथं जीवराम नाना बसतात. पाटबंधारे खात्यातून रिटायर, आणि तेव्हापासून लोकांच्या घरात पाणी सोडायचं काम करतात. त्यांना म्हटलं, "नाना, सुनेसाठी ऑफिस घ्यायचंय, चांगलं कुठं मिळेल?"

नाना जागेवरून उठले. हा माणूस आरतीलाही उठत नाही. "किती मोठं?" म्हणाले.

"मोठं कशाला? एकटी तर बसणार."

"विकत का भाड्यानं?"

"ते दोन्ही असतं का?" मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं.

संध्याकाळी नाना एका एजंटाला घेऊन दारात हजर. एजंटाच्या हातात किल्ल्यांचा जुडगा. स्टँडजवळ गाळा आहे, वरचा मजला, तोंड पूर्वेला, संडास सामाईक. मी म्हटलं, अहो, तसलं ऑफिस नाही. तर नाना एजंटाला म्हणाले, "भाव पाडायची त्यांची रीत आहे ही." तोवर शेजारची भिकुबाई आली आणि हळूच विचारलं, सारिका नगरसेवकाला उभी राहतेय का, म्हणजे आमच्या गल्लीच्या गटारीचं आत्ताच सांगून ठेवते. दुसऱ्या एकानं मला बॅनर छापणाऱ्याचा नंबर दिला. आमच्या घरात अजून एक लाल पट्टीसुद्धा निघाली नव्हती आणि बाहेर सत्कार ठरत होता.

यशोदाबाई चहा ठेवता ठेवता एवढंच म्हणाली, "ऑफिस ली राहिनात ते ठीक शे. तिले इचारं का पहिले?"

"अचानक देवानं शे," मी म्हटलं. द्यायचं तर एकदमच.

"मंग गावले का सांगं?"

गावभर तर मीच सांगून बसलो होतो. मी कपबशा उचलल्या.

सगळा उलगडा झाल्यावर नानांना वाईट वाटलं. भरपाई म्हणून म्हणाले, माझ्या भाच्याकडं तुमचं ते कॉम्प्युटरातलं ऑफिस पेनड्राइव्हवर आहे, फुकट टाकून देईल, सगळे तसंच वापरतात. मी म्हटलं, नाना, हा विनातिकीट प्रवास झाला. माझ्या गाडीतून मी माझ्या सख्ख्या मेव्हण्याला तसा नेला नाही. तो अजून बोलत नाही माझ्याशी, आणि खरं सांगायचं तर त्याचंही फार दुःख नाही.

शुक्रवारी कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. मालक गोपाल, बोलायला गोड, पण एका कानाला फोन चिकटलेलाच. त्यानं माझ्यापुढं एक कागद सरकवला. वर आडव्या रांगेत ऑफिसचे प्रकार, खाली बरोबरच्या खुणा. कोणाला दोन खुणा, कोणाला चार. मी कागद उलटा-सुलटा केला. गोपाल म्हणाला, आबा, काय समजलं नाही?

मी म्हटलं, "तू सांगत जा, मी माझ्या भाषेत घेतो."

आणि खरंच, एसटीच्या भाषेत घेतलं तर सगळं सोपं निघालं. दरवर्षी पैसे भरायचे, नाही भरले की बंद, तो झाला पास. एकदाच घ्यायचं आणि कायम वापरायचं, ती झाली स्वतःची गाडी. एक सहा जणांचं असतं, ती वऱ्हाडाची स्पेशल. मग स्वतःच्या गाडीतही प्रकार. होम अँड स्टुडंट, ही लाल गाडी: तक्ते आहेत, पत्रं आहेत, साधं बाकडं, पण पोचवते. होम अँड बिझनेस, ही निमआराम: तेच सगळं, वर टपालाची थैली, म्हणजे ईमेल. आणि सगळ्यात वरचं प्रोफेशनल, ते वातानुकूलित, त्यात काय काय आहे ते गोपाललाही धड सांगता येईना. वातानुकूलितवाल्यांचं तसंच असतं.

लाल गाडी सगळ्यात स्वस्त. म्हटलं, हीच दे.

गोपाल फोनवर हात ठेवून म्हणाला, "चालेल. स्टुडंट आहे ना घरात कोणी?" आणि परत फोनवर.

त्यानं ते सहज विचारलं होतं. पण मी एसटीचा माणूस. स्टुडंट म्हटलं की विद्यार्थी सवलत, आणि विद्यार्थी सवलत म्हटलं की शाळेचा बोनाफाईड दाखला, सही-शिक्क्यासकट. दाखल्याशिवाय विद्यार्थी पास दिला तर तपासणी पथक गाडी थांबवतं आणि चारचौघांत अब्रू जाते. माझ्या सुनेच्या लॅपटॉपवर उद्या पथक आलं तर? मी खोकं काउंटरवर परत ठेवलं. "दाखला घेऊन येतो," म्हटलं. गोपालनं मान हलवली. ती फोनवरच्याला हलवली का मला, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

शनिवारी सकाळी रिटायर कर्मचाऱ्याच्या पासवर धुळ्याची गाडी पकडली. घरी सांगितलं, जुन्या दोस्ताला बघायला चाललो. ड्रायव्हर नवा होता. पारोळ्याच्या वळणावर त्यानं गिअर उशिरा टाकला, तर बसल्या जागी माझाच पाय दाबला गेला.

सारिका शिकली त्या कॉलेजात पोचलो. खिडकीमागं क्लार्क बसलेले, समोर डबा उघडा, कळण्याची भाकरी आणि ठेचा. जेवणारा माणूस बोलायला बरा असतो असं मला वाटायचं.

"बोनाफाईड पाहिजे," मी म्हटलं.

"कशासाठी?"

"ऑफिससाठी."

"कोणतं ऑफिस?"

मी नाव आठवून नीट सांगितलं. "होम."

क्लार्कनं घास खाली ठेवला. "होम? म्हणजे गृह खातं?"

आता घरासाठीच घेतोय म्हटल्यावर मी 'हो' म्हणालो. क्लार्क उठले, हात धुतले, बाहेर येऊन मला खुर्ची दिली. "सूनबाई गृह खात्यात लागल्या वाटतं. मुंबईला का पोलीस मुख्यालयात?"

"नाही, ओट्याजवळ बसते."

हे ऐकून ते माझ्याकडं बघत राहिले. मग हळूहळू, एकेक प्रश्न करत, सगळं बाहेर आलं. सून कोणत्या वर्षाला, तर पास होऊन गेली. टी.सी. नेली का, तर नेली. मग विद्यार्थी कशी? माझी खुर्ची काढून नेली नाही एवढंच. क्लार्क परत डब्यावर बसले आणि म्हणाले, "आबा, पास झालेल्याला आम्ही विद्यार्थी आहे असं लिहून देऊ शकत नाही. आज शिकत असलेला माणूस आणा, आत्ता शिक्का मारतो. आणि घरातल्या घरात काम करते तर एवढा आटापिटा कशाला?"

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसलो. शिकत असलेला माणूस आणा. भूपेंद्रचं शिक्षण संपलेलं. यशोदाबाई शिकत नाही, ती शिकवते, तेही फक्त मला. शेजारचं कोणाचं पोर आपलं म्हणून दाखवणं म्हणजे दुसऱ्याच्या पासवर प्रवास. एरंडोल आलं तरी काही सुचेना. लाल पट्टी डोळ्यापुढून हलेना. सोमवारी दुसरी कोणी देईल, असं म्हणताना पोरीनं लॅपटॉप कसा हळू मिटला होता, झोपलेल्या लेकरावर पांघरूण घालावं तसा, तेच दिसत होतं.

जळगाव स्टँडबाहेर आलो आणि समोर पाटी. पाटी वाचायची मला सवयच. कॉम्प्युटर क्लास, मराठीतून, वयाची अट नाही.

उभ्या उभ्या आत गेलो. दिपमाला मॅडम म्हणून चालवणाऱ्या. मला पाहून म्हणाल्या, "नातवाला घालायचंय का?"

"मला."

त्यांनी क्षणभर पेन थांबवलं. पण हसल्या नाहीत, हे मी विसरणार नाही. शिक्षण विचारलं, चौथी सांगितलं. कशासाठी शिकायचं, तर म्हटलं, "ते नंतर बघू. आज फक्त दाखला मिळेल का, की मी शिकतोय?"

"आज एक तास बसावं लागेल. बसल्याशिवाय कसं लिहून देऊ?"

बाई नियमाची होती. मला बरं वाटलं. एक तास बसलो. आजूबाजूला माझी शेवटची बस रस्त्यावर आली त्यानंतर जन्मलेली पोरं-पोरी. त्यांनी मला उंदीर, म्हणजे तो माउस, पकडायला शिकवला. ज्या हातानं पावसाळ्यात एरंडोलच्या चिखलातून गाडी काढली, त्या हाताला उंदीर सरळ नेता येईना. बाण एकदा वर गेला तो दिसेचना. शेजारची पोरगी म्हणाली, बाबा, तुम्ही भिंतीच्या पार नेला.

मग दाखला मिळाला. "सुकदेव धनसिंग पाटील हे आमच्या संस्थेचे नियमित विद्यार्थी आहेत." धनसिंग म्हणजे माझे वडील. विद्यार्थी ह्या शब्दाशेजारी त्यांचं नाव बघून मी जिन्यात थोडा वेळ थांबलो. कोणाला वाटलं असेल, म्हातारा दमला.

गोपालपुढं दाखला ठेवला. त्यानं वाचला, परत वाचला, आणि पहिल्यांदा फोन खाली ठेवला. "आबा, दाखला लागतच नाही ह्याला. कोणी मागत नाही."

धुळ्याला जाऊन आलोय हे त्याला सांगितलंच नाही. माणसानं काही गोष्टी पोटात ठेवाव्यात.

बिल करता करता त्यानं विचारलं, "सूनबाई काय करतात?"

"नाशिकच्या कंपनीचं काम. पगार मिळणार."

गोपालचा हात थांबला. "तसं बघितलं तर मग हे चालत नाही. हे घरगुती आणि शिकायच्या वापराचं. कमाईच्या कामाला बिझनेसवालं लागतं. पण जाऊ द्या ना, कोण बघतंय? सगळे हेच नेतात. घरातल्या घरात तर करतात."

हे वाक्य मी आता तिसऱ्यांदा ऐकत होतो. आधी माझ्या पोराचं, मग क्लार्कचं, आता ह्याचं. आणि मला एकदम माझी केबिन आठवली. चार हात जागा. तिच्यात बसून मी जगलो, पोरगं शिकवलं, घर बांधलं. मला कधी कोणी म्हटलं नाही, सुकदेव काय, बसल्या बसल्या तर करतो.

ही बाई पासावर फिरायला चाललेली नव्हती. ही ड्युटीवर होती, आणि मी दोन दिवस तिच्यासाठी विद्यार्थी सवलत शोधत हिंडत होतो.

"तिचा धंदा आहे," मी म्हटलं. "धंद्याचं दे. पास नको, कायमचं."

आकडा मात्र मी दोनदा विचारून घेतला. बाहेर येऊन यशोदाबाईला फोन लावला, बठ्ठं, म्हणजे सगळंच, सांगितलं. दोस्त नव्हता तेही. "ते महाग शे," म्हटलं.

तिकडं लाटण्याचा आवाज थांबला. "कोन्हं शे ते? तिन्ह्या कामनं?"

"हाव."

"मंग इचारी काय राहिनात? ल्या."

घरी आलो. सारिकापुढं खोकं ठेवलं आणि ऐटीत उभा राहिलो. तिनं उघडलं. आत खेळायच्या पत्त्याएवढं एक कार्ड. बस. मी खोकं उलटं केलं, आपटलं, कानाशी हलवलं. एवढ्या पैशात रिकामं खोकं. "थांब, मी त्या गोपालला बघतो," म्हणून चपला घालायला लागलो, तर पोरीनं माझी बाही धरली. तिला हसू आवरेना. आकडे त्या कार्डावरच असतात, म्हणाली. तिनं ते आकडे टाकले. लाल पट्टी गेली. एवढ्याशा पट्टीनं घर अडवून धरलं होतं.

मग तिनं खोक्यावरचं नाव वाचलं. "आबा, हे बिझनेसचं आहे. स्टुडंटचं स्वस्त मिळतं."

"ते विद्यार्थ्याचं असतं."

"पण आपल्या घरात विद्यार्थी कुठंय?"

मी खिशातून दाखला काढला. तिनं वाचला. आधी हसली. मग पदर नव्हता, तर ओढणीनं डोळे पुसत बसली. यशोदाबाई म्हणाली, "पोरले रडाई टाकं ना," आणि स्वतःच नाक ओढलं, पिठाच्या हातानं.

तेवढ्यात भूपेंद्र ड्युटीवरून आला. खोकं पाहिलं, किंमत पाहिली. "पप्पा, एवढं कशाला? घरातल्या—"

"डबा धुवाले टाक," त्याची आई म्हणाली. "आनि ते टेबल उचल. वट्टाजवळ वाफ लागस. खिडकीजोडे ठेव."

पोरानं आईकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. मग एक बाजू त्यानं धरली, एक मी. टेबल खिडकीत गेलं. जाता जाता त्यानं सारिकाला विचारलं, "उजेड डोळ्यावर येतो का गं?" एवढंच. पण त्याच्या मानानं ते पुष्कळ होतं.

सोमवारी तक्ता गेला. संध्याकाळी नाशिकहून फोन आला, आणि पुढची वाक्यं मला ऐकू आली नाहीत, कारण सारिकाची बडबड सुरू झाली होती.

मी क्लासला जातो अजून. फी भरलीय. मॅडमनी परवा मनात येईल ते टाइप करा म्हटलं, तर मी शोधून शोधून लिहिलं: जळगाव – धुळे, मार्गे पारोळा. सारिकानं ते कागदावर काढून खिडकीला चिकटवलंय, टेबलाच्या वर. म्हणते, ऑफिसला पाटी पाहिजे.

आणि काल सकाळी जीवराम नाना आले. पारावर कोणी सापडलं नसेल. "काय सुकदेव, घेतलं म्हणे शेवटी. कुठं घेतलं?"

"घरातल्या घरात," मी म्हटलं.

"बघू तरी," म्हणत नाना उंबऱ्यापाशी आले. आतून सारिकाच्या बोटांचा आवाज येत होता.

"नाना, चपला काढा," मी म्हटलं. "आणि हळू बोला. कामाची वेळ आहे."